मृत्युदरीच्या वाटेवर : एक ओस बँक आणि काही ओस खाणी

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया आणि नेवाडा या दोन राज्यांच्या सीमेवर 'डेथ व्हॅली', म्हणजेच मृत्युदरी, नावाचे वाळवंटी खोरे आहे. त्यातील बॅडवॉटर हा सर्वांत सखल भाग समुद्रसपाटीपासून 86 मीटर खाली आहे. याच खोऱ्यातील फर्नेस क्रीक येथे 10 जुलै 1913 रोजी 56.7 अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली आणि जगातील सर्वोच्च तापमानाची नोंद म्हणून आजही तिचाच उल्लेख होतो. 1933 मध्ये हा प्रदेश संरक्षित झाला आणि 1994 मध्ये त्यास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. बहुतेक प्रवासी तेथील मिठाची मैदाने आणि वाळूच्या टेकड्या पाहून परततात. आम्हा चौघा मित्रांना ओढ होती ती मात्र भोवतालच्या डोंगरांतील अरुंद घळया आणि शंभर वर्षांपूर्वी ओस पडलेल्या खाणी पाहण्याची.

आम्ही चौघे म्हणजे कर्जविभागात हयात घालवून बँकेतून निवृत्त झालेला मी, बार्शीकडचे भुसार व आडतीचे एक व्यापारी, सराफी पेढी सांभाळणारे एक स्नेही आणि महाविद्यालयात भूशास्त्र शिकवून निवृत्त झालेले एक प्राध्यापक. योगायोगाने चौघांचीही मुले-मुली कॅलिफोर्नियात नांदत होती, आणि 2018 च्या फेब्रुवारीत चौघेही एकाच वेळी तेथे होतो. प्राध्यापकांच्या जावयांनी उंच चाकांची गाडी भाड्याने घेतली आणि सारथ्यही स्वीकारले.

भुसार व्यापारी मित्रांना आम्ही 'शेठ' म्हणतो. त्यांच्या सामानात या प्रवासाशी संबंध नसलेली एक वस्तू होती : एका प्रकल्पाचे गुळगुळीत कागदावर छापलेले माहितीपत्रक. शहराबाहेर नवे व्यापारी संकुल उभे राहणार होते. गावी धंदा पाहणाऱ्या त्यांच्या धाकट्या मुलाला बाजारातील दुकान आणि गोदाम तारण ठेवून त्या संकुलात सहा गाळे घ्यावयाचे होते. उत्तर महिनाअखेरपर्यंत द्यावयाचे होते. नकार द्यावा तर कर्त्या मुलाचा हुरूप मोडतो, होकार द्यावा तर तीन पिढ्यांची जागा गहाण पडते, अशा कोंडीत शेठ सापडले होते. लास व्हेगास सोडतानाच त्यांनी मला विचारले, "साहेब, तुम्ही हजार प्रकरणे पाहिलीत. यावर तुमचे मत काय?" कागद वाचल्याशिवाय मत देणार नाही, एवढेच मी म्हणालो. ते माहितीपत्रक मग तीन दिवस आमच्याबरोबर फिरले.

लास व्हेगासहून वायव्येस सुमारे 185 किलोमीटरवर बीटी हे छोटे गाव लागते. तेथे मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही रायोलाइटला पोहोचलो. अंतर जेमतेम सहा-सात किलोमीटर. रायोलाइट हे मुळात ज्वालामुखीच्या लाव्हारसापासून घडलेल्या एका फिकट खडकाचे नाव. 1904 च्या ऑगस्टमध्ये शॉर्टी हॅरिस आणि अर्नेस्ट क्रॉस या दोन भटक्या खनिजशोधकांना या डोंगरांत सोने आढळले. वार्ता पसरताच माणसांचा लोंढा आला, 1905 च्या आरंभी गाव आखले गेले आणि 1907-08 च्या सुमारास तेथील वस्ती साडेतीन ते पाच हजारांच्या घरात गेली असावी, असा अंदाज आहे. आरंभी पाणी पिंपांत भरून बाहेरून आणावे लागे. पाहता पाहता नळ आले, वीज आली, दूरध्वनी आला. इस्पितळ, नाट्यगृह आणि वृत्तपत्रेही आली. डिसेंबर 1906 मध्ये पहिली आगगाडी आली. इतकेच नव्हे, तर गावाचा स्वतःचा शेअरबाजारही होता.

या ओस गावात सर्वांत उंच उभे आहेत ते कुक बँकेच्या इमारतीचे भग्नावशेष. 1908 मध्ये पूर्ण झालेल्या या तीन मजली इमारतीवर 90 हजार डॉलर खर्च झाले होते. जिने इटालियन संगमरवराचे होते आणि खिडक्यांना परदेशातून मागविलेल्या रंगीत काचा होत्या. आज छप्पर नाही, मजले नाहीत, काचा नाहीत. रिकाम्या चौकटींतून निळे आकाश दिसते आणि दर्शनी भिंत उन्हात एकटी उभी आहे. ज्याने आयुष्य बँकेच्या काउंटरमागे काढले, त्याला अशा जागी उभे राहिल्यावर काय वाटते हे सांगणे कठीण आहे. मी नकळत तिजोरीची खोली कोठे असेल, रोखपाल कोठे बसत असेल, याचा अंदाज घेत हिंडत होतो.

या गावाच्या ऱ्हासाचा क्रम अभ्यासण्यासारखा आहे. पोलादसम्राट चार्ल्स श्वाब यांनी 1906 मध्ये येथील माँटगोमेरी शोशोन ही प्रमुख खाण विकत घेतली. एवढ्या मोठ्या माणसाने पैसा घातला म्हटल्यावर समभागांचे भाव चढत गेले. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत भूकंप झाला, 1907 मध्ये अमेरिकेत आर्थिक हाहाकार उडाला आणि नवे भांडवल मिळणे दुरापास्त झाले. तेव्हा कोठे, 1908 मध्ये, भागधारकांनी खाणीची स्वतंत्र तज्ज्ञाकडून तपासणी करून घेतली. अहवाल प्रतिकूल निघाला आणि भाव कोसळला. 1911 मध्ये खाण बंद झाली. त्याआधीच, 1910 च्या जनगणनेत, गावात 675 माणसे उरली होती. 1916 मध्ये वीज कंपनीने पुरवठा बंद केला आणि ताराही काढून नेल्या.

शेठ सर्वाधिक वेळ रेंगाळले ते शाळेच्या भिंतींपाशी. ही मोठी, पक्की शाळा 1909 मध्ये पूर्ण झाली, तोवर मुलांना घेऊन आई-बाप गाव सोडू लागले होते. ती कधीच भरली नाही. "म्हणजे बांधकाम चालू होते, तेव्हा धंदा उतरणीला लागला होता," शेठ म्हणाले. मी होकारार्थी मान हलविली. बँकेच्या नोकरीत हे मी अनेकदा पाहिले होते. धंदा चढत असताना नकाशे मंजूर होतात, आणि इमारत उभी राहीपर्यंत बाजार फिरलेला असतो.

रायोलाइटहून परत फिरून आम्ही टायटस घळईच्या वाटेला लागलो. हा सुमारे 43 किलोमीटरचा कच्चा, एकेरी मार्ग आहे. एकदा आत शिरले की परत फिरता येत नाही. सपाट वाळवंटातून निघालेली वाट हळूहळू डोंगरांत चढते आणि सुमारे 1,600 मीटर उंचीवरील 'रेड पास' या तांबड्या खिंडीत पोहोचते. पलीकडच्या उतारावर गेरू, हिरवट आणि करड्या रंगांचे डोंगर एकामागे एक दिसतात. झाड असे नाहीच, कोठे कोठे गुडघ्याएवढी झुडपे. ज्या तरुण खाण-अभियंत्याचे नाव या घळईला मिळाले, तो मॉरिस टायटस विसाव्या शतकाच्या आरंभी सोबत्यांसाठी पाणी शोधत या डोंगरांत गेला आणि परतलाच नाही. ही हकीकत ऐकल्यावर सराफ मित्रांनी गाडीतील पाण्याचे डबे पुन्हा एकदा मोजले.

खिंड उतरल्यावर लेडफिल्ड लागते. 'लेड' म्हणजे शिसे. आज येथे पत्र्याच्या दोन-चार गंजलेल्या खोपट्या, डोंगरात शिरणारी बोगद्यांची काही तोंडे आणि त्यांतून बाहेर टाकलेल्या दगडांचे ढीग एवढेच शिल्लक आहे. 1926 मध्ये मात्र लॉस एंजेलिसच्या वृत्तपत्रांत या जागेचा गाजावाजा चालला होता. त्यामागे होता सी. सी. ज्युलियन हा तेलाच्या समभागांतून गाजलेला प्रवर्तक. त्याच्या जाहिराती घरगुती, मोकळ्या बोलीत लिहिलेल्या असत. ज्यांना तोटा सोसवणार नाही त्यांनी लांब राहावे, असेही तो जाहिरातीत बजावी, आणि त्यामुळेच लोकांचा त्याच्यावर अधिक विश्वास बसे. लेडफिल्डसाठी त्याने याच घळईतून रस्ता काढला. त्याचा खर्च अंदाजे 60 हजार डॉलर होता, आणि ज्यावरून आमची गाडी आली तो हाच रस्ता. 1926 च्या मार्चमध्ये गुंतवणूकदारांना खास आगगाडीने बीटीपर्यंत आणि तेथून मोटारींनी येथवर आणून, बँडच्या साथीत भोजन देण्यात आले. एरवी कोरड्या असणाऱ्या अमर्गोसा नदीतून धूर सोडत जाणाऱ्या आगबोटींची चित्रे त्याने जाहिरातीत छापली, अशी एक आख्यायिकाही आजवर सांगितली जाते.

ऑगस्ट 1926 मध्ये लेडफिल्डला टपाल कचेरी उघडली, आणि जानेवारी 1927 मध्ये ती बंद झाली. गावाचे आयुष्य एवढेच. राज्याच्या अधिकाऱ्यांनी समभागविक्रीची चौकशी सुरू केली होती, आणि बोगदा खोल गेला तरी परवडण्याजोगे खनिज लागले नाही. ज्युलियनने स्थापन केलेली तेल कंपनी तोवर इतरांच्या हाती गेली होती. बेकायदा छापलेल्या समभागांमुळे 1927 मध्ये तीही कोसळली आणि सुमारे 40 हजार गुंतवणूकदार पोळले गेले. ज्युलियनवर पुढे दुसऱ्या एका प्रकरणात खटला झाला. तो देशाबाहेर पळाला आणि 1934 मध्ये शांघाय येथे त्याने विष घेऊन जीवन संपविले.

मी हे सर्व वाचून गेलो होतो, आणि लेडफिल्ड म्हणजे निव्वळ लबाडी असाच माझ्या मित्रांचा समज झाला. प्राध्यापकांनी मात्र ढिगातील एक दगड उचलून आम्हाला दाखविला आणि जागेवरच परत ठेवला, कारण राष्ट्रीय उद्यानातून खडाही नेता येत नाही. "शिसे आहे, खोटे नाही," ते म्हणाले. "पण इतके थोडे की काढण्याचा आणि वाहून नेण्याचा खर्चसुद्धा निघू नये." ज्युलियन येण्यापूर्वीही येथे शोधकांचे दावे होते, त्याने रस्त्यावर आणि बोगद्यांवर खरोखर पैसा खर्च केला, आणि म्हणून काही इतिहासकार या प्रकरणाला सरसकट फसवणूक म्हणत नाहीत.

शेठनी तेथेच, गाडीच्या सावलीत, ते माहितीपत्रक मला वाचावयास दिले. प्रवर्तक लबाड असल्याची कोणतीही खूण त्यात नव्हती, हे मी प्रामाणिकपणे सांगितले. जमीन त्यांच्या नावे होती, भागीदार ठाऊक असलेले होते. "मग हरकत काय?" शेठनी विचारले. मी समोरच्या ढिगाकडे बोट दाखविले. "येथेही शिसे होतेच, शेठ. माणूस खरा की खोटा हा एक प्रश्न झाला. दगडात किती आहे, ते कोणी मोजले आणि मोजणाऱ्याला पैसे कोणी दिले, हा दुसरा. आणि चुकले तर आपले काय जाणार, हा तिसरा. कर्ज मंजूर करताना मी नेहमी तिसऱ्यापासून सुरुवात करी." शेठ त्यावर काही बोलले नाहीत. त्यांनी पत्रक घडी घालून खिशात ठेवले.

पुढे वाटेत क्लेअर स्प्रिंग नावाचा पाण्याचा झरा लागतो. त्याच्या जवळच्या शिळांवर येथील मूळ रहिवाशांनी कोरलेल्या आकृती आहेत, आणि या झऱ्यावर डोंगरी मेंढे पाणी प्यायला येतात. त्यानंतर घळई आवळू लागते. दोन्ही बाजूंनी करड्या चुनखडीचे कडे शेकडो फूट सरळ वर जातात, आणि सर्वांत अरुंद ठिकाणी त्यांमधील अंतर वीस फुटांहूनही कमी आहे. आकाशाची केवळ एक पट्टी दिसते. काही भिंतींवर काळसर दगडाचे तुकडे पांढऱ्या खनिजात जडविल्यासारखे बसले आहेत, जणू कोणी फरशीकाम केले असावे. हा चुनखडक सुमारे पन्नास कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी साचला, असे प्राध्यापकांनी सांगितले. आम्ही गाडी बाजूला उभी करून थोडे पायी चाललो. भिंतीच्या खालच्या भागात पुराने घासून गुळगुळीत केलेले पट्टे डोक्याच्याही वर गेलेले दिसतात. येथे पाऊस क्वचित पडतो, पण पडला की सारे पाणी याच फटीतून धावते.

घळईतून बाहेर पडलो तेव्हा समोर मृत्युदरीचे विस्तीर्ण पात्र पसरले होते. मुक्काम फर्नेस क्रीकला केला. जवळच 'हार्मनी बोरॅक्स वर्क्स'चे अवशेष आहेत. बोरॅक्स म्हणजे आपला टाकणखार, सोन्याच्या झाळकामात लागणारा. हे कळताच सराफ मित्रांचा थकवा पळाला. पूर्वी हा खार तिबेटातून आपल्या देशामार्गे युरोपात जाई, आणि तेथे कच्च्या खाराला दिलेले 'टिंकल' हे नावही संस्कृत 'टंकण' शब्दाशी नाते सांगते. हार्मनीचा कारखाना 1883 ते 1888 असा पाचच वर्षे चालला. सुमारे चाळीस चिनी मजूर दिवसाला 1.30 डॉलर मजुरीवर खोऱ्याच्या तळावरून खार खरवडून काढीत. मग तो वीस जनावरांच्या तांड्याने 265 किलोमीटर दूर, मोहावे येथील रेल्वेस्थानकावर नेला जाई. प्रत्येक तांड्यामागे दोन प्रचंड गाडे, प्रत्येकात सुमारे दहा टन माल, आणि मागे पाण्याची टाकी. मालक विल्यम टेल कोलमन यांचा इतरत्रचा आर्थिक पसारा कोसळला आणि 1888 मध्ये कारखाना थांबला. खाराला मागणी होती, माल जमिनीवर पडून होता, तरीही. पुढे हे खारसाम्राज्य फ्रान्सिस मॅरियन स्मिथ यांच्या हाती गेले, आणि वीस खेचरांचे चित्र असलेली बोरॅक्सची खोकी अमेरिकेतील दुकानांत आजही मिळतात.

तिसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर कीन वंडर ही सोन्याची खाण पाहिली. धोकादायक झाल्यामुळे 2008 पासून ती बंद होती, आणि आम्ही जाण्याच्या तीनच महिने आधी, नोव्हेंबर 2017 मध्ये, दुरुस्तीनंतर पुन्हा खुली झाली होती. डोंगरावरील खाणीतून खाली गिरणीपर्यंत दगड आणणाऱ्या, सुमारे मैलभर लांबीच्या हवाई तारमार्गाचे लाकडी मनोरे अजून उभे आहेत. बोगद्यांत शिरण्याचा मोह कोणी करू नये. कुजलेली लाकडे, अंधारात दडलेल्या विहिरीसारख्या खोल खाणी, साचलेली दूषित हवा आणि कोठे कोठे विसरलेली स्फोटके यांमुळे अशा ठिकाणी माणसे दगावतात. उद्यानाने अनेक तोंडांना लोखंडी जाळीची दारे बसविली आहेत. त्यांच्या गजांमध्ये मुद्दाम अंतर ठेवले आहे, कारण आत वटवाघळांची वस्ती असते आणि त्यांचे येणे-जाणे अडू नये.

दुपारी पुन्हा बीटीला थांबलो. रायोलाइटला माणसे हजारोंनी होती तेव्हा बीटी हे त्यांना पाणी, दाणावैरण आणि सामान पुरविणारे गाव होते. अमर्गोसा नदीचे झरे येथे जिवंत आहेत. रायोलाइट मोडले तेव्हा तेथील इमारतींचे लाकूड आणि सामान येथेच आणून वापरले गेले. 2010 च्या जनगणनेत बीटीची वस्ती हजारभर होती. खाणकामगारांनी सोडून दिलेल्या गाढवांची प्रजा गावाच्या रस्त्यांवर निवांत फिरते. शेठनी एका दुकानातून दाणे आणि फळे घेतली आणि दुकानदाराला, जावईबापूंना दुभाषी करून, माल कोठून येतो, उधारी किती दिवसांची, असे प्रश्न विचारले. दोन्ही दुकानदार पाच मिनिटांत खुलले.

त्या रात्री शेठनी मुलाला फोन केला. नकार दिला नाही. तीन प्रश्न दिले आणि उत्तरे तूच शोध, असे सांगितले : गाळ्यांच्या भावाचे मूल्यांकन प्रवर्तकाशी संबंध नसलेल्या कोणाकडून झाले आहे काय? पाणी आणि जोडरस्ता मंजूर आहे की केवळ नकाशात दाखविला आहे? आणि गाळे दोन वर्षे रिकामे राहिले तर हप्ते कोणत्या उत्पन्नातून भरावयाचे? मुलगा हुशार आहे. आठ दिवसांत त्यानेच कळविले की पाण्याची मंजुरी अद्याप नाही, आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्याला सापडत नाही. दुकान-गोदाम गहाण पडले नाही. पुढे लहान कर्जात त्या गोदामातच त्याने कडधान्य स्वच्छ करण्याचे आणि प्रतवारीचे यंत्र बसविले.

ते संकुल बुडाले नाही, हेही सांगितले पाहिजे. तीन वर्षे उशिरा का होईना, ते उभे राहिले आणि ज्यांनी शिलकीतील पैसा घातला त्यांना बरा लाभही झाला. कर्ज काढून गाळे घेणाऱ्या दोन परिचितांना मात्र मधल्या तीन वर्षांत हप्त्यांपायी आपल्या जुन्या जागा विकाव्या लागल्या. मध्यंतरी मी शेठना विचारले, हळहळ वाटते का? ते म्हणाले, "गाळे गेल्याची थोडी वाटते, साहेब. पण मुलगा रात्री झोपतो."

या भागात जाऊ इच्छिणाऱ्यांनी नोव्हेंबर ते मार्च हा काळ निवडावा. टायटस घळईसाठी उंच चाकांची गाडी, भरपूर पाणी आणि दिवसाचा पूर्ण वेळ हवा. घळईत दूरध्वनीवर विसंबू नये. 20 ऑगस्ट 2023 रोजी हिलरी वादळाच्या अवशेषांनी फर्नेस क्रीकला एका दिवसात 2.2 इंच, म्हणजे जवळजवळ वर्षभराचा, पाऊस पाडला आणि संपूर्ण उद्यान सुमारे दोन महिने बंद राहिले. अशा पुरांत घळयांतील कच्चे रस्ते वाहून जातात, तेव्हा निघण्यापूर्वी टायटसचा रस्ता खुला आहे की नाही याची उद्यानाकडे चौकशी अवश्य करावी. रस्ता बंद असला, तरी रायोलाइटपर्यंत साधी मोटार जाते. कुक बँकेची भिंत पाहण्यासाठी सकाळची वेळ उत्तम.